जास्तीचा ठिपका

—हालू नका सर, फ्रेम नाकावर नीट बसू द्या. लातूरचे म्हणता, अन् भागवतरावांच्या सत्काराला होता तुम्ही? सोता हार घातला? असू द्या, तुमचा काय दोष. खालची ओळ वाचा. आता ही काच टाकली—हे बरं का मघाचं बरं? मघाचं? ठीक. मी जरा मोठ्यानं बोलतो बरं का, पडद्यामागं काचा घासायची मशीन चालू हाय. बायको बसलीय माझी, शिवगंगा. माझ्यापेक्षा तिचा हात साफ हाय. तर—ज्याच्यापायी सत्कार झाला, तो तारा भागवतरावांनी शोधला न्हाई. इथं कंधारात सापडला तो, ह्याच दुकानाच्या गच्चीवरून. हाव, खरं सांगून राहिलो.

अकरा वर्षांची दोस्ती, सर. ते कॉलेजात शिकवणार, मी चष्मेवाला—पण दुर्बिणीचा आरसा दोघांनी मिळून घासला, पाच महिने, काचेवर काच, बोटांची सालटी निघाली. लातूरचं आभाळ दिव्यांनी पांढरं, म्हणून दुर्बीण माझ्या गच्चीवर. काम कसं चालतं? रात्री कॅमेरा आपोआप फोटो काढतो, त्याच त्या साठ दीर्घिकांचे—म्हणजे लई लांबची ताऱ्यांची गावं समजा. दिवसा दुकानात बसून नवा फोटो जुन्याशेजारी लावायचा. काल नव्हता असा ठिपका आज दिसला, तर तिकडं एखादा तारा मरताना फुटला. अख्ख्या गावाला भारी पडंल असा उजेड त्याचा, अन् दोन-चार महिन्यांत विझून जातो. सात वर्षं बघितलं आम्ही. सात वर्षं नुसती धूळ अन् खोटे ठिपके! आता दुसरा डोळा—हे बरं का हे?

अन् संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, शिवगंगा म्हणाली, अहो, इथं एक ठिपका जास्तीचा हाय. मी म्हणलं, धूळ असंल, गिऱ्हाईक बघू दे. ऐकंना. ती फोटो डाळ निवडल्यावानी बघती, साठच्या साठ तोंडपाठ तिला. कॅमेरा पुसला, रात्री परत फोटो काढला—ठिपका तिथंच! आता हे जगाला कळवायची एक वेबसाइट असती. तिथं आमचं खातं भागवतरावांच्या नावानं, कारण माझं इंग्रजी कच्चं. तेच म्हणाले होते—मला अप्पाच म्हणतात ते—भरायचं काम माझं अप्पा, नावं दोघांची. म्हणून फोटो त्यांना धाडला. उत्तर काय आलं? 'अप्पा, धूळ वाटते, दोन दिवस थांबू.' थांबलो. का न्हाई थांबणार? अकरा वर्षं ज्याच्या ताटात जेवलो त्याच्यावर शक घ्यायचा? तिसऱ्या दिवशी पेपरात फोटो, भागवतराव एकटेच, हसून राहिलेले. अन् वेबसाइटवर वेळ लिहिलेली असती, सर, ती लपत न्हाई—मला धूळ म्हणले, अन् वीस मिनिटांत सोता नोंद केली. वीस मिनिटं! फोन केला तर म्हणतात, अप्पा, रकान्यात एकच नाव बसत होतं. दगा झाला माझ्याशी, सरळ दगा. तवापासून मी दुर्बिणीचं झाकण काढलं न्हाई. गच्चीवर जायचंच मन होईना. शिवगंगा तर त्या दिवशी जेवली न्हाई. म्हणाली, तुम्ही तिघांची नावं धाडली होती नं, मग त्यांनी आपली दोघांची खोडली कशी? हाव म्हणलं. खोडली.

भरवसा बसंना? थांबा, पुरावा हाय माझ्याकडं, मेसेज जपून ठेवलाय. हा बघा—सोळा तारीख, सकाळी सव्वासात. मीच वाचतो, तुमच्या डोळ्यावर काचा हायेत. 'भागवतराव, काल दुपारी मला नवा ठिपका दिसला. मी एकट्यानं दोनदा तपासला. धूळ नाही. आपली दोघांची नावं टाका. —अमरेश.' बघा! दोघांची! साफ लिहिलंय, लपवाछपवी न्हाई, काय न्हाई—

काय म्हणलात?

हाव, दिसला तिलाच. म्हणलं की मघाशी. पण सर, तिला कोण ओळखतं तिकडं—आठवी शिकलेली बाई—भागवतराव हसले असते. अन् मी काय तिला सांगणार नव्हतो का? एकदा माझं नाव छापून आलं असतं, मग तिचंबी घातलं असतं म्हणून... मी एवढ्या मोठ्यानं का बोलून राहिलो?

मशीन कवा बंद पडली?

शिवगंगा? अगं, लाईट गेली काय?

न्हाई, लाईट तर हाय. पंखा फिरून राहिलाय.

ती फ्रेम काढा सर, द्या इकडं. नंबर लिहून घेतला मी. न्हाई, उद्या नको, परवा या. पडद्याकडं बघू नका. या तुम्ही आता.