मामाचं कोडं आणि अमावास्या

दोष सगळा माझ्या मामाचा, हे आधीच सांगतो. कॉलेज सोडून मी घाटकोपरला त्याच्याकडे राहत होतो. त्या सकाळी मुलुंडच्या कारखान्यात माझी मुलाखत, तर हा डिक्शनरी घेऊन दारात आडवा.

"एक्स आणि झेड दोन्ही असलेला सात अक्षरी इंग्रजी शब्द शोध. बक्षिसाच्या कोड्याची आज शेवटची तारीख आहे. नोकऱ्या काय रे, रोज मिळतात!"

संध्याकाळी 'ऑक्सिडाइज' सापडला. मी ओरडलो, "मामा, पाकीट दे, टपालात टाकतो!"

"वेडा की काय? आज अमावास्या. उद्या टाकू." म्हाताऱ्याने पाकीट देवापुढे ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिलं.

पुढच्या आठवड्यात उत्तरं छापून आली. आमचा एकूण एक शब्द बरोबर. मामा म्हणाला, "बघ, देव पावला!"

पाकीट एक दिवस उशिरा गेल्याने बक्षीस हुकलं, आणि मुलाखत चुकल्याने माझी मुलुंडची नोकरीही हुकली.