हाक मारायची तरी कुणाला?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील शेजारी देशांचे प्रतिनिधी, ताईंच्या हाताखाली शिकून गेलेल्या सर्व मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांना भाषण अजिबात आवडत नाही अशा सत्कारमूर्ती ताई,

मी सीमेपलीकडचा डॉक्टर. किरणोत्सर्गाने भाजलेली माणसं बरी करणं हे माझं काम. ताईंच्या प्रशिक्षणवर्गात छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा मापक न लावता शिरलो, म्हणून एवढ्या मोठ्या वयात वर्गाबाहेर उभा राहिलेलो आहे. हसता काय? तुमच्यातलेही बरेच राहिलेत!

पण आमची ओळख त्या वर्गातली नव्हे.

ताईंचा धाकटा भाऊ भंगाराच्या वखारीत कामाला होता. कर्करोगावरच्या जुन्या यंत्राचा शिशाचा जड डबा आमच्या देशातून भंगारात इकडे आला. त्याने तो फोडला, आतला किरणोत्सर्गी तुकडा हातात घेतला. हाताला फोड आले, उलट्या सुरू झाल्या. "ताई, नुसतं भाजलंय गं, उगाच गवगवा करू नकोस," म्हणायचा. इथल्या डॉक्टरांनी असा रुग्ण कधी पाहिला नव्हता. आम्ही पाहिले होते. पण आम्हाला बोलावायचं कुणी? परवानगी या खात्यातून त्या खात्यात फिरत राहिली. मी औषधांची पेटी घेऊन पोहोचलो, तेव्हा खोलीत फक्त ताईंच्या आई होत्या. रिकाम्या खाटेवरच्या चादरीची घडी घालत होत्या. "बसा," म्हणाल्या मला. दुसरं काय म्हणणार?

पुढे सगळ्या शेजारी देशांची बैठक भरली. आमची मंडळी मान खाली घालून बसलेली. वाटलं, आता ही बाई आमचे वाभाडे काढणार. ताई उठल्या नि म्हणाल्या, "दोष कुणाचा ते सावकाश ठरवा. उद्या दुसऱ्या कुणाचा भाऊ असा आला, तर मी हाक मारायची तरी कुणाला?"

त्या प्रश्नातून हे सगळं उभं राहिलं. वखारींच्या फाटकावर धोका ओळखणारी यंत्रं लागली, परिचारिकांपासून ट्रकचालकांपर्यंत सगळ्यांचं प्रशिक्षण सुरू झालं, आणि परवानगीची वाट न पाहता डॉक्टर सीमा ओलांडू लागले.

मध्यंतरी तिसऱ्याच एका देशात तसाच डबा सापडला. फोडणारी मुलगी विशीतली. ताईंच्या विद्यार्थ्याने लगेच ओळखलं, आम्ही वेळेत पोहोचलो. दोन बोटं गेली, पण पोरगी वाचली.

ताईंनी धावत घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाल्या, "वाचली ना? देव पावला." मग म्हणाल्या, "हे आधी का नाही गं सुचलं कुणाला?"

हे ताईंनी मला फोनवर सांगितलं.

मंडळी, ताई काम सोडून उद्यापासून आईजवळ पूर्ण वेळ राहायला जात आहेत. त्या घरात तो प्रश्न रोज असणार, आणि त्याला उत्तर नाही. तेव्हा एवढंच मागणं आहे, तुम्ही कुठल्याही देशाचे असा, त्यांच्याकडे जात-येत राहा. काही काम नसलं तरी जा.

आपण आपुलकीने ऐकलंत, मी ऋणी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर आपला म्हणून सांभाळून घ्या.