पूल, नदी आणि भावोजींची बदली

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. समोरच्या बाकावर एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते. बाई गाल धरून बोलत होती, पण आवाज काही कमी नव्हता.

“नऊ वर्षं साहेबांची भाषणं लिहिलीस, आणि आता टीव्हीवर त्यांच्यावरच विनोद?”

“ताई, आता तेच माझं काम आहे.”

“अरे, तुझ्या भावोजींच्या बदलीचा कागद साहेबांच्या टेबलावर पडलाय. आणि तू लिहितोस, साहेबांनी पुलाचं तीनदा उद्घाटन केलं, आता फक्त नदी आणायची राहिलीय!”

“तू हसलीस ना पण?”

“हसले. तेव्हापासूनच दाढ ठणकतेय.”

“सकाळी साहेबांचा फोन आला होता.”

“अगं बाई! चिडले?”

“भयंकर. म्हणाले, असं लिहिता येत होतं, तर माझ्याकडे असताना का नाही लिहिलंस?”

“आणि बदलीचं?”

“तेही विचारलं मी.”

“मग?”

“म्हणाले, ‘सर्व बाबींचा सहानुभूतीने विचार करून योग्य वेळी योग्य तो निर्णय घेऊ.’”

“म्हणजे होणार ना रे?”

“नाही होणार, ताई. ते वाक्य मीच लिहून दिलंय त्यांना.”