वीस सूत

—आणि ते दार सोडून बाकी सगळं ‘ठीक’ लिहा मॅडम. दार घासतं, मान्य आहे, तुम्हाला येताना खांदा लावावा लागला ते बघितलं मी. मिस्त्रीच्याच घरचं दार घासतंय — हसा, हसा, सगळेच हसतात. खालून रंधा मारला की झालं, दहा मिनिटांचं काम, पण दीड महिना झाला, हत्याराला हात लावलेला नाही मी. का म्हणजे? वेळ कुठे असतो? हिचं सगळं अंथरुणात. अंग पुसायचं, कूस बदलायची, औषधं द्यायची, पट्टी बदलायला नर्सबाई येतात त्यांच्यामागे उभं राहायचं — दिवस कुठे जातो कळत नाही. ते जाऊ दे. संडासातले दांडे बघितलेत ना? ओढून बघा, हवं तर लोंबकळून बघा, हलणार नाहीत. मधल्या खोलीला उंबरा होता, तो ऑपरेशनच्या आधीच उखडून टाकला. पलंगाला खालून ठोकळे दिले, चार बोटं वर घेतला. पहिले ते व्यायामवाले साहेब यायचे ना, ते म्हणाले होते, मिस्त्री, अशी तयारी मी कुठल्याच घरात बघितली नाही. त्यांना विचारा. माझं मीच कसं सांगणार — पण म्हणाले होते.

टक — ऐकलंत? एकदाच ना? पाणी. थांबा, आलोच.

हं. झोपलेली नाही, डोळे मिटून पडते नुसती. तो ठोकळा मीच करून दिलाय तिला, मुठीत मावेल असा, कडा घासून गुळगुळीत केलेला, भिंतीवर वाजवायला. हाक मारायचं त्राण नसतं ना. एकदा वाजवला की पाणी, दोनदा म्हणजे भांडं द्यायचं. आणि तीनदा — तीनदाचं तिनं ठरवलं. तीनदा म्हणजे माझी टकळी बंद. कोणी आलं की मी बोलत सुटतो ना, कामावरची सवय, हात चालला की तोंड चालायचं — मग आतून टक टक टक, पुरे आता, जाऊ द्या त्या माणसाला. मधली भिंत फळीची आहे, मीच घातलेली, सगळं ऐकू जातं तिकडे. म्हणून जरा हळू बोलू आपण.

घर तपासायला तुम्हाला लेकीनं पाठवलंय, मला माहीत आहे. लपवायचं काय त्यात? पाच वाजता येणार आहे ती, गाडी ठरवूनच. तुमचा कागद बघणार. घर बरोबर आहे असं तुम्ही लिहिलंत तर आई इथे राहील, नाहीतर आजच उचलून घेऊन जाणार. वाईट नाही हो पोरगी. आईवर जीव आहे तिचा. मला म्हणते, बाबा, तुम्हीपण चला — म्हणते आपली. दोन खोल्या, जावई, दोन मुलं, त्यात आईची खाट — मी काय पंख्याला लटकू? चव्वेचाळीस वर्षं झाली मॅडम. मी काम घेऊन कुठे परगावी गेलो तर तेवढ्याच रात्री वेगळ्या. तिला नेलं की मी या घरात काय करायचं? स्वतःच भिंतीवर ठोकळा वाजवायचा आणि स्वतःच पाणी घेऊन जायचं?

नाही — ती राहू दे. ती खुर्ची नका मोजू. चादर टाकून ठेवलीय ना तिच्यावर, म्हणजे वापरात नाही ती. वापरात नाही तर मोजायची कशाला? ...कागदात आहे होय. ‘बसायच्या जागेची उंची.’ मग लिहा की वीस. साडेवीस लिहा, साडेवीसच केली होती मी. टेप कशाला काढताय? माझा शब्द आहे, मिस्त्रीचा शब्द. बसा हो, चहा टाकतो, बसा जरा — तिच्यावर नको. या स्टुलावर बसा.

मी केलीय ती. दुकानातली आणायची असं लेक म्हणत होती, चाकांची, लोखंडी, मी म्हटलं माझ्या बायकोला मी लोखंडावर बसवणार? डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं — खुब्यात नवा सांधा बसवलाय, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकायचं नाही, आणि बसल्यावर कंबर गुडघ्याच्या वर राहिली पाहिजे. वीस इंचाच्या खाली बसवायचं नाही म्हणाले. उंच आहे ना आमची ही, माझ्यापेक्षा चांगली तीन बोटं उंच. लग्नात फोटोवाल्यानं मला पाटावर उभं केलं होतं, आता बोला. तर मी केली साडेवीस, अर्धा इंच हातचा राखून. हात टेकायला रुंद दांडे, पाठीला बाक, खिळा एक नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. बसली की टाचा जराशा अधांतरी राहायच्या, म्हणायची, मला शाळेत बसवल्यासारखं वाटतंय. पण बसायची. सकाळी खिडकीपाशी, ऊन वर आलं की इथे, संध्याकाळी दारात. वॉकर धरून चालायची एवढीशी पावलं टाकत आणि मी खुर्ची उचलून मागे मागे.

आणि डुगडुगायला लागली. काय सांगू तुम्हाला, पहिल्या दिवशी खिडकीपाशी ठेवली, ती बसली, आणि — टुक. एक पाय उचलतोय. ‘अहो, पडेन मी,’ म्हणाली. घाबरट नाही ती, पण ऑपरेशननंतर माणूस घाबरतं. आता मी केलेली खुर्ची डुगडुगते म्हणजे — तुम्हाला नाही कळायचं मॅडम, आमच्यात दुसऱ्या कोणी ऐकलं तर तोंड दाखवायला जागा नाही. लोक काय करतात, पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सरकवतात. मी उभ्या आयुष्यात पुठ्ठा घातला नाही. गिऱ्हाइकानं घातलेला दिसला तर काढून फेकायचो. डुगडुगतंय ना? मग जो पाय लांब आहे तो कापायचा. तिला पलंगावर निजवली, खुर्ची उलटी केली, दोन सूत काढलं. सूत म्हणजे आमचं माप — आठ सुतांचा एक इंच. दोन सूत म्हणजे काय, किस आहे किस. पण एक पाय कापला की उरलेले तीन त्याच्या मापाला आणावे लागतात, ते आणले. अगदी पक्की बसली, खिडकीपाशी. दुपारी इथे आणली — टुक.

तुम्ही हसत नाही आहात. पूर्वी हे ऐकून लोक हसले असते.

संध्याकाळी परत दोन सूत. मग दारात ठेवली, तिथे टुक. दुसऱ्या दिवशी परत. मला झोप लागेना त्या खुर्चीनं. एवढी वर्षं मी टेबलं केली, कपाटं केली, एका शाळेचे दीडशे बाक केले, एक डुगडुगला नाही, आणि घरच्या माणसासाठी एक खुर्ची करायची तर हे! फरशी बघा तुम्ही. तिकडे खिडकीपाशी खोलगट आहे, इथे उंचवटा, दारात तिरकी उतरलीय. गोटी सोडली तर सगळं घर फिरून येते. खोट फरशीत होती आणि मी कापत होतो खुर्ची. हे मला, एका मिस्त्रीला, तीन आठवड्यांत सुचलं नाही. रोज नाही हो कापायचो — दोन दिवसांआड. दोन सूत, दोन सूत. आणि एकदाही उंची मोजली नाही. टेप खिशातच होता. पाय एकमेकांशी जुळवून बघायचो, चारही सारखे आहेत ना, झालं. जमिनीपासून किती ते कोणी मोजायचं? एक दिवस बसली आणि म्हणाली, ‘आज कसे पाय छान टेकले.’ मला इतकं बरं वाटलं मॅडम. मला वाटलं, जमलं एकदाचं.

मोजा आता. मोजा, मी धरतो टेपचं टोक. किती? अठरा. हो, अठराच. मी मोजलीय, ती दवाखान्यात होती तेव्हा, एकटाच होतो घरात. साडेवीसातून अठरा गेले की अडीच इंच. वीस सूत.

त्या दिवशी सकाळी मी मोरीत होतो, कपडे पिळत. ती खुर्चीतून उठायला गेली. खोल बसलेलं माणूस उठताना पुढे झुकतं, तुम्हाला ठाऊक आहे, तुमचंच काम ते — झुकली आणि आवाज झाला. ओल्या लाकडाचा सांधा सुटतो ना, तसा. ओरडली नाही. मी येऊन बघतो तर दांडे धरून अर्धवट उभी आणि पाय आत वळलेला, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा. मग ते सगळं दवाखान्याचं. बसवला सांधा, परत निखळला, परत उघडलं, मग पू झाला, मग ते नवं बसवलेलं सगळंच काढून टाकलं. आता तिथे काही नाही. नुसती पोकळी. पाय दोन इंच आखूड झालाय, कधी काळी उभी राहिलीच तर माझ्या बरोबरीची दिसेल. मी तिला हे गमतीनं म्हणालो एकदा. हसली. का हसली देव जाणे.

आणि दवाखान्यात लेक धावत आली, विचारलं, ‘आई, झालं कसं हे?’ मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. तर हीच म्हणाली, ‘चमचा पडला गं, उचलायला वाकले.’ झालं. डॉक्टरांनी लिहून टाकलं, पेशंट वाकली. लेक अशी संतापली — एवढं सांगितलं होतं वाकू नकोस म्हणून, कुणाचं कधी ऐकशील तर शपथ! आणि मी मूग गिळून उभा. तेव्हापासून जो येतो तो हिला चमच्यावरून बोलतो. शेजारीण, जावई, नर्सबाई, हिची सख्खी बहीण. एका चमच्यापायी पाय घालवलास म्हणतात. ती ऐकून घेते. आणि मी — हे लिहू नका — एकदा सगळे बसले होते, विषय निघाला, सगळे बोलले आणि मी गप्प असलेलं बरं दिसेना, म्हणून मीही म्हणालो, ‘एवढं काय अडलं होतं चमच्यावाचून? मी मेलो होतो का मोरीत?’ तिच्यासमोर. तिनं माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. चुकलंच माझं, अशी.

चमचा नव्हताच मॅडम. मी तिला उचलली तेव्हा फरशीवर काही नव्हतं. ना चमचा, ना वाटी. का म्हणाली असेल मग? दुखण्यात भ्रम होतो माणसाला, मी आपलं तसंच धरून चाललोय. खुर्चीचं तिला काही ठाऊक नाही. कसं असेल? मी पाय कापायचो तेव्हा ती आत पडलेली असायची. करवतीचा आवाज — हो, आवाज जातच असेल म्हणा. पण करवतीचा आवाज काय, या घरात जन्मभराचा.

तुम्ही पेन का थांबवलंत? घर ठीक आहे लिहा ना. दांडे ठीक, पलंग ठीक. खुर्चीसमोर वीस लिहा, मी आज जाळतो ती, पाच वाजेपर्यंत राख होईल, कोण बघायला येतंय? ...नाही, तुम्ही तसं नाही करायचात. तुमचा चेहरा तसा नाही. आणि वीस लिहिलंत तरी खाली ती ओळ आहेच ना. ‘यापूर्वी सांधा निखळण्याचं कारण.’ दवाखान्याच्या कागदावरून उतरवून घेतलंत तुम्ही, इथून वाचता येतंय मला. पेशंट वाकली. म्हणजे ती इथे राहिली तरी तीच ओळ घेऊन राहणार, आणि तिकडे गेली तरी तीच घेऊन जाणार. तिथे नातवंडंही म्हणतील, आजीनं ऐकलं नाही. मरेपर्यंत ऐकायचं तिनं ते. मला भीती वाटते मॅडम. मला एकट्याला या घरात राहायची फार भीती वाटते. एवढी मोठी भीती असेल तर माणूस गप्प बसतो की नाही? तुम्ही नसता बसलात?

खोडा. ती ओळ खोडा. लिहा, खुर्ची अठरा इंच होती. लिहा, नवऱ्यानं कापली. एकदा नाही, दहा वेळा. चमचा पडला नव्हता, पेशंट कुठेही वाकली नव्हती, पेशंटनं सगळं सांगितलेलं नीट—

थांबा. वाजलं ना?

किती वाजलं? एक? नाही — तीन. तीनच वाजवलं तिनं. आता परत. टक टक टक. ऐकलंत तुम्ही.

ऐकतच होती ती. आजच नाही, मी कापायचो तेव्हाही ऐकतच होती.

जा तुम्ही मॅडम. नाही, आत नका येऊ, मी बघतो तिच्याकडे. चहा राहिला तुमचा. कागद घेऊन जा, लेकीच्याच हातात द्या, आणि खुर्चीचं जे लिहिलंय ते खोडू नका, ती आतून कितीही वाजवो. दार ओढून घ्या जाताना. घासेल खालून. घासू द्या.