पाय काढला की बंद पडणारी गाडी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय आण्णा, मंडळाचे विश्वस्त, यवतच्या गॅरेजातून हातचं काम टाकून आलेले तात्याबा मिस्त्री, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपल्या आरोग्य-व्हॅनचे चालक बन्सीभाऊ, आणि मांडवगण फराट्यापासून कासुर्डीपर्यंतच्या वस्त्यांवरून आलेल्या भगिनींनो आणि बंधूंनो, सर्वांना नमस्कार. मागच्या बाकांवर कुजबुज चालली आहे, ती थांबवावी. चहा भाषणानंतरच मिळणार आहे.

मंडळाची चिटणीस म्हणून आभाराचे चार शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलं आहे. बन्सीभाऊंनी दहा वर्षं इमानेइतबारे सेवा केली, त्यांना दीर्घायुष्य लाभो, शाल, श्रीफळ, टाळ्या. हे मी दोन मिनिटांत उरकू शकते. पण समोर बसलेल्या निम्म्या माणसांच्या मनात या माणसाबद्दल काय आहे, ते मला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे. मग त्या टाळ्या कोणत्या तोंडाने वाजवायच्या?

गेल्या पौषात अनसाबाईंच्या सुनेला, रुपालीला, कळा सुरू झाल्या. बन्सीभाऊ तिला वस्तीवरून दवाखान्यात घेऊन निघाले. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं होतं. मालगाडी यायची होती. तिथे आपली व्हॅन बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली नाही. रुपाली वाचली. मूल गेलं. फाटकाशी थांबलेल्या लोकांनी पाहिलं की इंजिन बंद आहे आणि ड्रायव्हर गाडीजवळ नाही, पलीकडे फाटकवाल्याच्या खोलीपाशी उभा आहे. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्त्यांना कळलं होतं की बन्सीने पेट्रोल वाचवायला गाडी बंद केली आणि तो तंबाखू मळायला उतरला.

मंडळाने चौकशी केली का? केली. बन्सीभाऊंना समोर बसवून विचारलं. ते म्हणाले, "बंद पडली. म्या तिथं न्हवतो, एवढं खरं हाय." याच्यापुढे एक शब्द नाही. एरवी हा माणूस यवत ते मांडवगण तोंड मिटत नाही. गाडीतल्या बायकांना लसूण कसा लावायचा इथपासून नवरा कसा सांभाळायचा इथपर्यंत सल्ले देतो. लसीच्या फेरीवर मला एकदा म्हणाला होता, "बाई, तुम्ही हसला तर लस टोचल्यावर पोरं कमी रडतील." तोच माणूस गप्प. विश्वस्तांनी मग ठरवलं की यांना मानाने निवृत्त करावं आणि व्हॅन विकून टाकावी. आजचा समारंभ तो हा.

आता इंजिनाबद्दल थोडं सांगते. कंटाळा करू नका.

आपली व्हॅन उभी असताना थरथरायची, आचके द्यायची, हे तिच्यात बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. ॲक्सिलरेटर दाबला की बरी चालायची, पाय काढला की बंद पडायची. म्हणून बन्सीभाऊ थांबताना एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्या पायाने रेस देत बसायचे. व्हॅन विकायची म्हणून मी बन्सीभाऊंसोबत ती तात्याबांकडे नेली. त्यांनी माझ्यासमोर कार्बोरेटर उघडला. त्यात एक झडप असते. पाय दाबला की ती उघडते. पाय काढल्यावर ती मिटते, आणि मग इंजिन सुईएवढ्या एका वाटेने श्वास घेतं. ती वाट बुजली होती. झडपेच्या कडेला काळपट पिवळा थर बसला होता, साडीला घालायच्या खळीसारखा. तात्याबांनी नखाने खरवडला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "बाई, ही तर हळद हाय."

हळद कुठून आली? आण्णा, तुम्ही खाली बघू नका. मी तुम्हाला दोष देत नाही.

खंडेनवमीला आपण या गाडीची पूजा करतो आणि तिच्यावर भंडारा उधळतो. बन्सीभाऊ बॉनेट उघडायचे, आणि देवाचा हात आतपर्यंत पोचावा म्हणून एअर फिल्टरचं झाकणही काढायचे. आण्णा थेट कार्बोरेटरच्या तोंडात चिमूट सोडायचे. इथपर्यंत वर्षातून एकदाच. पण पुढे गाडी थरथरायला लागली की बन्सीभाऊ कार्बोरेटर वरवर साफ करायचे, आणि झाकण लावण्याआधी, आता पुन्हा त्रास होऊ नये म्हणून, पुन्हा चिमूटभर भंडारा. ज्या वस्तीवर गाडी साफ केली, त्या वस्तीवरच्या थोरल्या माणसाच्या हातून. म्हणजे प्रत्येक वेळी साफ करायची आणि प्रत्येक वेळी आपल्याच हाताने बुजवायची. जितका आजार जास्त, तितकी चिमूट मोठी.

मी गॅरेजातच बन्सीभाऊंना विचारलं, "फाटकापाशी काय झालं?" ते म्हणाले, "पोरगी वरडत हुती. फाटकवाला खोलीत. हाका मारून ऐकंना. म्हणून पळालो. पळायचं म्हंजी पाय काढावा लागतो, बाई."

पाय काढला, गाडी बंद पडली. परत येऊन स्टार्टर मारला तर पेट्रोल चढलेलं, इंजिनात नको तेवढं भरलेलं, म्हणून ते पेटेचना. एवढंच झालं. कुठला तंबाखू आणि कुठलं पेट्रोल वाचवणं.

"मग हे मंडळापुढे का नाही सांगितलं?"

त्यांनी तात्याबांच्या हातातलं झाकण घेतलं आणि म्हणाले, "झाकण लावा. कुणाला सांगू नका." मी हटले नाही. माझा स्वभाव तुम्ही ओळखता. तेव्हा खरं बाहेर आलं. त्या दिवशी वस्तीवर पोचल्यावर गाडी फारच आचके द्यायला लागली, म्हणून रुपालीला आवरून बाहेर आणेपर्यंत त्यांनी घाईने ती साफ केली होती. झाकण लावण्याआधीची चिमूट अनसाबाईंनी टाकली होती. सून सुखरूप पोचावी म्हणून.

हा माणूस वर्षभर गप्प बसला तो यासाठी.

आता मी काय करायचं होतं? गप्प बसून याला शाल द्यायची? की भर सभेत त्या बाईचं नाव घ्यायचं? मी परवा वस्तीवर गेले. अनसाबाई शेण भरत होत्या. त्यांनी काम थांबवलं नाही. सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "म्हंजी माझी चिमूट."

मी म्हटलं, "तुमची एकटीची नाही. दहा वर्षांचा थर होता तो."

"पर शेवटची माझी."

पाटी उचलून त्या उकिरड्यापर्यंत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "त्यो वरीसभर माझ्या दाराम्होरनं मान खाली घालून जातोय, आन् मी थुकते त्याच्या वाटंवर. सांगा हॉलात. माझं नाव घ्या. मला आता कोण काय बोलणार हाय? बोलायची ती सून म्हायेरी गेलीया, ती काय परत येत न्हाई."

म्हणून मी नाव घेतलं. त्यांना विचारून घेतलं. त्या खिडकीपाशी बसल्या आहेत. कुणी मागे वळून बघू नये.

यातून काय निष्पन्न झालं, असं कुणी विचारेल. काही नाही. मूल परत येणार नाही. रुपाली येईल असं मला वाटत नाही. व्हॅन आज संध्याकाळी दौंडच्या भाजीच्या व्यापाऱ्याकडे जाईल आणि पुढच्या मंगळवारी, लसीच्या दिवशी, वस्त्यांवर बायका पोरं घेऊन रस्त्याला येऊन उभ्या राहतील, कारण दहा वर्षांची सवय आहे. त्यांना काय सांगायचं, ते विश्वस्तांनी ठरवावं. मला सुचलेलं नाही.

आण्णा, तुमच्या शेजारच्या ताटलीत भंडारा आहे. गाडीला निरोप देताना उधळायला आणला आहे, हे मला दिसतंय. बॉनेट आज बंद राहील. तो भंडारा बन्सीभाऊंच्या कपाळाला लावा. पहिलं बोट अनसाबाईंनी लावावं असं मला वाटतं. त्या उठतील की नाही, मला माहीत नाही. मी त्यांना तेवढं विचारलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

आपण सगळे आलात, शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मंडळाच्या वतीने आभार. तात्याबांनी कामाचे पैसे घेतले नाहीत, त्यांचेही आभार. बोलण्यात कुणाला लागलं असेल तर त्याचा राग माझ्यावर धरावा, बन्सीभाऊंवर आणखी धरू नये. त्यांच्या वाट्याचा त्यांनी सोसला आहे.

ती बुजलेली वाट तात्याबांनी मोकळी केली आणि मघाशी अंगणात व्हॅन सुरू करून ठेवली आहे. आत कुणी बसलेलं नाही. कुणाचा पाय नाही. तरी ती चालू आहे. थरथर नाही, आचका नाही, माझ्या आवाजात तुम्हाला ऐकूसुद्धा येत नसेल.

म्हणून मी थांबते. ऐका.