होडीवरचं नाव

डहाणूच्या स्टँडवर वरोरच्या एसटीची वाट बघणाऱ्या वसुमतीबाईंनी कान काही मुद्दाम टवकारले नव्हते. मागच्या बाकावरचं जोडपंच मुंबईच्या डॉक्टरांची फाईल उघडून बोलत होतं.

"अहो, तीन गेली. माझंच शरीर त्यांना परकं समजून बाहेर काढत असेल, असंच म्हणाले ना?"

"असेल म्हणाले. नक्की नाही. आणि ते औषध सलाईनमधून दिलं तरी मूल राहीलच असं नाही."

"राहणारच नाही, असंही नाही म्हणाले."

"मागच्या खेपेला महिनाभर तू धड जेवली नाहीस, निलम. मला बघवत नव्हतं. नको आता."

"होडी रंगवून झाली?"

"झाली. पेंटर म्हणतो, पहिल्या पोराचं नाव टाकायची तुमची रीत, पण चार वर्षं कोरी कशी फिरवता?"

"मग?"

"सकाळीच सांगितलं त्याला, 'निलम' लिही."

वरोरची गाडी लागली. वसुमतीबाई उठल्या नाहीत.

"फोन लावा त्याला."

"कशाला?"

"पुसायला सांगा, अजून ओलं असेल. आणि मग डॉक्टरांना लावा."