शोकाकुल मित्रमंडळ

समारंभाचे अध्यक्ष माननीय भाऊसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती आणि बदली होऊन नागपूरला निघालेल्या पोलीस निरीक्षक हेमांगीताई, व्यासपीठावरील सर्वपक्षीय आजी-माजी नगरसेवक आणि जमलेल्या डोंबिवलीकर बंधू-भगिनींनो,

मी त्र्यंबक आठल्ये. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालो, भाषणाची सवय नाही. संयोजकांनी ‘काका, दोनच शब्द’ असं बजावलंय. ‘शक्यतो त्या प्रकरणावर नको,’ असंही हळूच सांगितलंय. पण ताईंची आणि माझी ओळखच त्या प्रकरणातली. मग बोलू कशावर, हवापाण्यावर?

गेल्या वर्षी आमचा अपूर्व गेला. गेला म्हणजे मारला. मैदानामागे शाळकरी पोरांना नशेच्या पुड्या विकणाऱ्या दौलतला तो म्हणाला, “इथे नको.” दौलतने भर संध्याकाळी नाक्यावर, वडापावच्या गाडीसमोर गावठी कट्टा काढला. नाक्यावर ही गर्दी! कोणी पाहिलं? कोणीच नाही म्हणे.

दहाव्याच्या आधीच तिथे फ्लेक्सचा बोर्ड लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. वर भाऊसाहेब हात जोडून, मध्ये आमचा अपूर्व हसतोय आणि खाली ‘शोकाकुल मित्रमंडळ’ म्हणून पोरांच्या फोटोंची रांग. भाऊसाहेबांच्या वाढदिवसाच्या बोर्डावर शुभेच्छुकांची होती, तीच रांग. घाईत बोर्डवाल्याने वरचा मजकूर तेवढा बदलला. त्या रांगेत, गॉगल लावून, दौलतही होता. माझ्या मुलाला मारणारा माझ्या मुलासाठी शोकाकुल!

भाऊसाहेब, मान खाली घालू नका, मी भांडायला आलेलो नाही. तुम्ही घरी आलात, ‘काका, चुकून झालं’ म्हणालात. मला मान्य आहे. पण वाढदिवसाच्या रांगेत तो चुकून नव्हता ना?

बोर्ड उतरवायला हेमांगीताई स्वतः उभ्या राहिल्या. माणसं तो गुंडाळत होती, तेवढ्यात माझी बायको प्रमोदिनी अनवाणी धावत खाली गेली. म्हणाली, “ताई, टाकू नका हो. एवढा मोठा फोटो नाही आमच्याकडे त्याचा.” ताईंनी ती गुंडाळी स्वतः जिना चढून आणून दिली आणि आमच्या दारातच रडल्या. वर्दीतलं माणूस रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून ही बाई मला लेकीसारखी आहे.

मघापासून सर्व वक्त्यांनी चिंता व्यक्त केली. ठाण्यात गोळीबार, कल्याणात एमडी, पोरं वाया चालली. चिंता खरीच असेल हो, मी कोण शंका घेणार? पण चिंतेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करता येत नाही. तिथे माणूस लागतो. पुढच्या महिन्यात साक्षी सुरू होतायत आणि कोणीच बोललं नाही तर दौलत सुटेल, असं वकिलांनी स्पष्ट सांगितलंय.

तो बोर्ड आम्ही आतल्या खोलीत भिंतीला लावलाय. मी म्हटलं, दौलतचं तोंड तेवढं कात्रीने काढून टाकू. प्रमोदिनीने हात लावू दिला नाही. रोज दिवेलागणीला ती त्या रांगेवरून बोट फिरवते. गोळीचा आवाज ऐकून ती गॅलरीत धावली होती, तेव्हा पळणारी पोरं तिने पाहिलीत. “हा होता. हाही होता. ह्याला तर मी परीक्षेच्या दिवशी दहीसाखर दिलेली.” रोज हेच. ऐकवत नाही मला, मी उठून बाहेर जातो.

ती पोरं आज इथे आहेत. मागे उभी आहेत, या खुर्च्याही त्यांनीच लावल्यात. बाळांनो, मी रागावलेलो नाही. दौलत आत असला तरी त्याची माणसं बाहेर आहेत, तुमची भीती मला कळते. अपूर्वलाही वाटली असेल रे. ताई तारखेला नागपूरहून येणार आहेत. तुम्हाला तर नुसतं कल्याणच्या कोर्टात यायचंय.

ताई, तुमचे आभार कोणत्या तोंडाने मानू? जिथे जाल तिथे सुखी राहा. संयोजकहो, दोन शब्दांचे फार झाले, काही उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला. लेक गेलेल्या माणसाच्या जिभेला लगाम राहत नाही.

प्रमोदिनी आज आली नाही. ती आता त्या बोर्डासमोर बसली असेल. घरी गेलो की ती विचारेल. तुमच्यातलं कोण येतंय म्हणून सांगू तिला?